पराक्रम आणि पुरावा

इ. स. १६७० सालच्या माघ वद्य नवमीची रात्र. पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या कोंढाण्याचा कडा चढून तानाजी मालुसरे यांचे मावळे गडावर शिरले, निकराची झुंज झाली, तानाजी धारातीर्थी पडले आणि गड हाती आला. सभासदाच्या बखरीत सांगितले आहे की, गड सर होताच मावळ्यांनी वरच्या पागेस आग लावली. त्या आगीचा उजेड राजगडावरून महाराजांच्या दृष्टीस पडला, आणि गड घेतला हे त्यांनी जाणले.

हा प्रसंग महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असतो. तथापि त्यातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. झुंज संपली म्हणून त्या वीरांचे काम संपले नव्हते. जेथे कोणी तिऱ्हाईत पाहावयास नव्हता तेथे जे घडले, ते दूर बसलेल्या धन्यास निःसंशय कळविणे हाही त्या कामाचाच एक भाग होता. आणि त्यासाठी त्यांनी खूण निवडली तीही अशी की, जो गडावर पोहोचलाच नाही त्यास ती देता आली नसती. पराक्रम आणि पुरावा यांचे नाते किती निकट आहे, हे या एका प्रसंगावरून ध्यानात येते. आज याच नात्याचा थोडा विचार करावयाचा आहे. आणि त्यास निमित्तही पुण्याचेच आहे.

२०१६ सालच्या जून महिन्याच्या आरंभी पुण्यात एक आनंदाची वार्ता आली. पुणे पोलीस दलात शिपाई असलेले दिनेश राठोड आणि त्यांच्या पत्नी तारकेश्वरी राठोड या दोघांनी २३ मे रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठले, आणि असा पराक्रम करणारे ते भारतातील पहिलेच दांपत्य होय, असे त्यांनी जाहीर केले होते. शिखरावरील छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. नेपाळच्या पर्यटन खात्याने त्यांचे आरोहण मान्यही केले. पोलिसाची कष्टाची नोकरी सांभाळून जगातील सर्वोच्च शिखरावर पाऊल ठेवणारे जोडपे आपल्याच गावचे असावे, याचा नगरवासीयांस अभिमान वाटला तर नवल नाही.

परंतु थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली. विशेष हे की, ती पुण्यातील गिर्यारोहकांमध्येच सुरू झाली. त्यांनी छायाचित्रे बारकाईने पाहिली, तारखा जुळवून पाहिल्या, आणि अखेरीस पोलीस आयुक्तांकडे लेखी तक्रार केली.

या तक्रारीचे पुढे काय झाले, हे सांगण्यापूर्वी एक प्रश्न सोडविला पाहिजे. असा वाद उद्भवतोच कसा? कुस्तीच्या आखाड्यात पंच असतात. धावण्याच्या शर्यतीत अंतर आखलेले असते आणि घड्याळ चालू असते. तेथे जिंकणाऱ्याने आपला विजय सिद्ध करावा लागत नाही. तो हजारो डोळ्यांदेखत सिद्ध झालेला असतो. परंतु ८,८४८.८६ मीटर उंचीच्या शिखरावर पंच कोठून आणावा? तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उरतो. बुद्धी मंदावते, बोटे बधिर होतात, आणि माणूस तेथे फार वेळ थांबू शकत नाही. सरकारचा अधिकारी असला तरी त्याचे ठाणे फार तर पायथ्याशी. मग निवाडा कशावर करावयाचा? चढणाऱ्याचा शब्द, त्याच्या शेर्पा सोबत्याची साक्ष, आणि एखाददुसरे छायाचित्र! एवढ्या तीन आधारांवर सारी कीर्ती उभी असते.

पर्वतासारखेच, साक्षीची अडचण असणारे दुसरे क्षेत्र म्हणजे महासागर. तेथील वाद निराळ्या प्रकारचा आहे, आणि तो समजून घेतला म्हणजे पुण्याच्या वादाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत जाण्याचा सर्फिंग नावाचा खेळ आता आपल्याकडील वाचकांस ऐकून माहीत आहे. त्या खेळातील काही साहसी लोक केवळ राक्षसी लाटांच्या शोधात असतात. अशा लाटांचे सर्वांत प्रसिद्ध स्थान पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील नाझारे हे गाव होय. तेथे समुद्राच्या तळाशी दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीची एक प्रचंड दरी असून ती अगदी किनाऱ्यापाशी येऊन संपते. खोल पाण्यात लाटेचा वेग अधिक असतो. त्यामुळे दरीवरून येणारी लाट वेगाने पुढे येते. बाजूच्या उथळ पाण्यावरून येणारी लाट मात्र मंदावते आणि वळते. या दोन्ही लाटा किनाऱ्याजवळ एकमेकींस मिळाल्या म्हणजे एकीच्या उंचीत दुसरीची भर पडते, आणि सात-आठ मजली इमारतीएवढी पाण्याची भिंत उभी राहते. तिच्या उतारावरून एक माणूस फळीवर उभा राहून खाली येतो!

आता ही भिंत मोजावयाची कशी? वरकरणी प्रश्न सोपा दिसतो. लाटेचा माथा कोठे आहे हे दिसते. परंतु तिचा तळ कोठे? लाट उसळताना समोरचे पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे तिच्या पायथ्याशी खळगा पडतो. तो पुष्कळदा फेसाखाली झाकलेला असतो. शिवाय लाट काही क्षणांचीच. पट्टी लावावयास ती थांबत नाही. तेव्हा मोजणी करावयाची ती छायाचित्रावरून. मोजपट्टी म्हणून त्या स्वाराचे शरीरच उपयोगात आणतात. त्याच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर ठाऊक असते. तशी किती अंतरे लाटेच्या उंचीत बसतात, हे पाहावयाचे. पण स्वार वाकलेला असतो, छायाचित्र तिरक्या कोनातून घेतलेले असते, आणि या दोहोंमुळे काही फुटांचा फरक सहज पडतो. हवाई बेटांवर तर लाट पुढून न मोजता मागून मोजण्याची जुनी रीत आहे. तिने येणारा आकडा पुढच्या उंचीच्या सुमारे निम्माच भरतो. म्हणजे लाट एकच, परंतु एकाच्या हिशेबी ती वीस फुटांची तर दुसऱ्याच्या हिशेबी चाळीस!

२०११ सालच्या नोव्हेंबरात गॅरेट मॅकनमारा या अमेरिकन स्वाराने नाझारे येथे ७८ फुटांच्या लाटेवर स्वारी केली, आणि ती जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली. पुढे २८ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथेच एक विलक्षण प्रसंग घडला. माया गाबेरा ही ब्राझीलची तरुणी प्रचंड लाटेवरून कोसळली आणि बेशुद्ध झाली. तिचा सहकारी कार्लोस बुर्ले याने तिला ओढून किनाऱ्यावर आणले. तेथे तिच्या छातीवर दाब देऊन तिचा श्वास परत आणावा लागला. त्याच दिवशी बुर्ले पुन्हा समुद्रात गेला आणि एका महाकाय लाटेवर स्वार झाला. ही लाट शंभर फुटांची होती, असा वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. परंतु अधिकृत नोंदीत ती विक्रम म्हणून आली नाही. मॅकनमाराचा आकडा २०१८ पर्यंत टिकला. त्या वर्षी रोद्रिगो कोशा याची ८० फुटांची लाट मान्य झाली. सेबास्टियन श्टॉइटनर या जर्मन स्वाराने २९ ऑक्टोबर २०२० रोजी जी लाट सर केली, तिची उंची ८६ फूट असल्याचे २०२२ सालच्या मे महिन्यात जाहीर झाले. काही क्षणांच्या स्वारीचा निकाल लागावयास दीड वर्ष गेले!

आणि हीच माया गाबेरा, जी मृत्यूच्या दारातून परतली होती, तिने ११ फेब्रुवारी २०२० रोजी ७३.५ फुटांच्या लाटेवर स्वारी करून स्त्रियांचा विक्रम केला. त्याच दिवशी त्याच समुद्रावर फ्रान्सच्या जस्टिन द्युपाँ हिनेही एक अतिप्रचंड लाट सर केली होती. दोघींच्या लाटांतील फरक, परीक्षकांच्या मते, अवघ्या काही फुटांचा. द्युपाँ हिला हा निर्णय मान्य झाला नाही. मोजणीच चुकली, असे तिचे म्हणणे पडले.

या वादात कोणी कोणास खोटे म्हटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोघीही लाटेवर होत्या, हे कड्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांनी पाहिले होते. वाद माणसाच्या सचोटीचा नव्हता, मोजपट्टीचा होता. असे वाद होणे अपरिहार्य आहे, आणि त्यांत कोणाचीही मानहानी नाही.

मोजपट्टीच्या वादाहून थोडा पुढचा प्रकार म्हणजे प्रामाणिक चुकीचा. राइनहोल्ड मेसनर हे नाव पर्वतांची आवड असणाऱ्या प्रत्येकास परिचित आहे. जगातील आठ हजार मीटरांवरील चौदाही शिखरे गाठणारा पहिला मनुष्य म्हणून १९८६ पासून त्यांची ख्याती होती. परंतु जुन्या आरोहणांची छायाचित्रे आणि नकाशे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या एका संशोधकाने असा निष्कर्ष काढला की, १९८५ साली अन्नपूर्णेच्या लांबलचक धारेवर मेसनर खऱ्या सर्वोच्च बिंदूच्या थोडे अलीकडूनच परतले असावेत. २०२३ साली गिनेस पुस्तकाने तो मान त्यांच्याकडून काढून अमेरिकेच्या एड व्हिस्टर्स यांना दिला. येथे व्हिस्टर्स यांनी काय करावे? आयता चालून आलेला जागतिक मान! तथापि त्यांनी तो आनंदाने मिरविला नाही. चौदा शिखरे सर करणारा पहिला मनुष्य मेसनर हाच, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. नोंद त्यांच्या बाजूची होती; परंतु त्यांची स्वतःची साक्ष त्या नोंदीच्या विरुद्ध होती, आणि ती देण्यास ते कचरले नाहीत.

आता पुण्याच्या प्रकरणाकडे परत येऊ. तक्रार करणाऱ्या गिर्यारोहकांचे आक्षेप साधे आणि तपासून पाहण्याजोगे होते. निरनिराळ्या छायाचित्रांत दांपत्याच्या अंगावरील कपडे आणि पायांतील बूट निरनिराळे दिसतात, हा एक. पायथ्याच्या तळावर येणे आणि शिखर गाठणे यांत जेवढे दिवस दाखविले आहेत तेवढ्यात शरीर विरळ हवेस सरावणे कठीण, हा दुसरा. आणि तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. शिखरावरील म्हणून जी छायाचित्रे दाखविली गेली, ती त्याच मोसमात एव्हरेस्ट चढलेल्या सत्यरूप सिद्धांत या बंगाली गिर्यारोहकाच्या छायाचित्रांशी जुळत होती. आपल्याच छायाचित्रांत फेरफार करून ती वापरली आहेत, असे सिद्धांत यांनी उघडपणे सांगितले. दांपत्याने आरोप नाकारले. नेपाळच्या पर्यटन खात्याने चौकशी केली, छायाचित्रे बनावट असल्याचा निर्णय दिला, आरोहणाची मान्यता रद्द केली, आणि २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात दोघांवर नेपाळमध्ये गिर्यारोहण करण्यास दहा वर्षांची बंदी घातली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, पुणे पोलीस दलानेही आपली चौकशी पुरी करून त्यांस सेवेतून बडतर्फ केले.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेच्या फ्रेडरिक कुक यांनी १९०६ साली अलास्कातील मॅकिन्ली हे वीस हजार फुटांहून उंच शिखर सर केल्याचे जाहीर केले, आणि शिखरावर ध्वज घेऊन उभ्या असलेल्या सोबत्याचे छायाचित्र आपल्या ग्रंथात छापले. पुढे १९०९ साली तो सोबतीच शपथेवर म्हणाला की, आम्ही वर गेलोच नाही. त्यानंतर दुसऱ्या एका तुकडीने त्या भागात हिंडून ते छायाचित्र जेथे घेतले होते ती टेकडी शोधून काढली. खऱ्या शिखरापासून ती कित्येक मैल दूर होती, आणि उंची जेमतेम पाच हजार फुटांच्या आसपास! कुक यांनी उत्तर ध्रुव गाठल्याचाही दावा केला होता. परंतु मॅकिन्लीच्या त्या छायाचित्रानंतर त्यांच्या ध्रुवाच्या हकीगतीवरही लोकांचा विश्वास उरला नाही. एका असत्याने माणसाचे पुढचे-मागचे सारेच शब्द संशयित होतात ते असे.

कोणी म्हणेल, यात एवढे बिघडले काय? एका जोडप्याने कीर्तीच्या लोभाने खोटे सांगितले, त्याची शिक्षा त्यास मिळाली, प्रकरण संपले. परंतु ते तेथे संपत नाही. अशा असत्याचा भार ते उच्चारणाऱ्याहून इतरांवरच अधिक पडतो. ज्याचे छायाचित्र घेतले गेले, त्यास आपल्याच पराक्रमाची मालकी सिद्ध करीत बसावे लागले. आणि याच पुणे शहरात ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्ट सर केले होते. लोकांकडून वर्गणी जमवून, वर्षानुवर्षे सह्याद्रीत आणि हिमालयात सराव करून त्यांनी हे यश मिळविले. आता एखाद्या शाळेत असा गिर्यारोहक व्याख्यानास गेला आणि मागच्या बाकावरून एखाद्या मुलाने विचारले, “हे छायाचित्र खरेच तुमचे आहे का?” तर त्या मुलास रागे भरता येईल काय? त्याचा तो प्रश्न प्रामाणिक माणसाच्या पदरी कोणी दुसऱ्यानेच टाकलेला असतो.

याच २०१६ च्या मोसमातील आणखी एक प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. हरियाणातील नरेंद्रसिंह यादव आणि सीमाराणी गोस्वामी यांनीही त्या वर्षी एव्हरेस्ट चढल्याचे सांगून प्रमाणपत्रे मिळविली होती. चार वर्षे कोणी फारशी शंका घेतली नाही. २०२० साली यादव यांचे नाव तेनझिंग नोर्गे यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय साहस पुरस्कारासाठी निघाले, तेव्हा गिर्यारोहकांनी आवाज उठविला. पुरस्कार थांबविला गेला. २०२१ साली नेपाळने चौकशीअंती प्रमाणपत्रे रद्द करून २०१६ पासून मोजून सहा वर्षांची बंदी घातली. ही बंदी २०२२ च्या मे महिन्यात संपली, आणि संपताच काही दिवसांत यादव हे खरोखरच एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आले! या खेपेस त्यांनी भरपूर छायाचित्रे आणि चलच्चित्रे बरोबर आणली. जे शिखर गाठण्याची शक्ती अंगी होती, त्यासाठी आधी असत्याचा आश्रय घेतला गेला. आणि खरे आरोहण घडले तेव्हा लोकांनी पहिल्याने पाहिले ते पुराव्याकडे, अभिनंदन मागाहून. त्यांच्या खऱ्या चढाईच्या वार्तेतही ती जुनी बंदी प्रत्येक ठिकाणी छापली गेली.

आपल्या समाजात एक समजूत रूढ आहे. कोणी मोठे यश मिळविले आणि दुसऱ्याने त्याविषयी प्रश्न केला, तर तो मत्सर समजला जातो. मत्सराने प्रश्न करणारे असतात, हे खरे. परंतु प्रश्न कोणत्या हेतूने केला, यापेक्षा त्याचे उत्तर काय येते हे महत्त्वाचे. पुण्यातील ज्या गिर्यारोहकांनी तक्रार केली, त्यांनी आपल्याच गावच्या माणसांविरुद्ध बोलण्याचे अप्रिय काम पत्करले. ते गप्प बसते, तर नगराचा मान तेवढ्यापुरता टिकला असता. पण त्यानंतर पुण्यातून जाणाऱ्या प्रत्येक मोहिमेकडे जगाने डोळे बारीक करून पाहिले असते. १५ मे २०१९ रोजी ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक कांचनजंगा या जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर पोहोचले, तेव्हा ती वार्ता पुणेकरांनी निःशंकपणे ऐकली. या निःशंकतेत त्या अप्रिय तक्रारीचाही काही वाटा आहे.

एव्हरेस्टच्या उंचीविषयी एक आख्यायिका सांगतात. १८५२ साली राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने दूरच्या मैदानांतून घेतलेल्या निरीक्षणांवरून या शिखराची उंची काढली. निरीक्षणांची सरासरी बरोबर २९,००० फूट आली. परंतु इतका पूर्ण आकडा जाहीर केला तर तो अंदाजाने ठोकून दिला असे लोकांस वाटेल, म्हणून भूमापन खात्याने त्यात दोन फूट मिळविले आणि १८५६ साली २९,००२ फूट अशी उंची प्रसिद्ध केली. आख्यायिका खरी असो वा नसो, ती मनुष्यस्वभावाचे मर्म दाखविते. सत्य हाती असतानाही ते खरे वाटावे म्हणून त्यास दोन फुटांची जोड देण्याचा मोह भल्याभल्यांस होतो. मग ज्याच्या हाती सत्यच नाही, त्यास छायाचित्रावर आपला चेहरा चिकटविण्याचा मोह व्हावा, यात आश्चर्य ते काय?

सिंहगडाची वाट पुणेकरांच्या पायांखालची आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पहाटेच्या वेळी शेकडो माणसे ती चढतात. त्यांत ऐंशीच्या घरातील वृद्ध असतात, आईचे बोट धरून चालणारी मुले असतात. वर कोणी नोंदवही घेऊन बसलेला नसतो, खाली कोणी प्रमाणपत्र देत नाही. एखाद्या मुलाचे पाय निम्म्या वाटेवर दुखू लागतात आणि ते वडिलांबरोबर परत फिरते. घरी आल्यावर आजी विचारते, “गड चढलास का रे?” अशा वेळी ते मूल ‘निम्माच चढलो’ म्हणाले, तर त्यास हसू नये, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ असे सांगावे. निम्म्या वाटेचे खरे उत्तर देण्याची सवय ज्यास घरी लागली, तो उद्या एव्हरेस्टवर गेला तर त्याच्या छायाचित्राकडे कोणास दुसऱ्यांदा पाहावे लागणार नाही.